‘होम नर्सिंगचं लायसन्स’ नेमकं कुठे मिळतं?

पत्र थोडक्यात: पत्र लिहिणाऱ्या ताई 43 वर्षांच्या आहेत. जीएनएम (परिचारिकेचा डिप्लोमा) झालेल्या. नाशिकच्या एका खासगी रुग्णालयात 19 वर्षं नोकरी, त्यातली 11 आयसीयूत. त्यांच्या सोसायटीतल्या एका आजींचं मांडीचं हाड मोडलं, अंथरुणाला खिळल्या आणि माकडहाडावर जखम झाली. ताई ड्यूटीवरून येताना रोज त्यांचं ड्रेसिंग करतात, पैसे न घेता. ते पाहून आणखी चार घरांतून विचारणा झाली आणि ‘आपणच घरपोच नर्सिंगची सेवा का सुरू करू नये’ असं त्यांच्या मनात आलं. एक एजंट 65 हजारांत ‘होम नर्सिंग लायसन्स’ काढून देतो म्हणतो, त्याला 15 हजार देऊनही झाले आहेत. दीर म्हणतात, ‘ब्युरो काढ, मुली पुरव, कमिशन घे. स्वतः कशाला राबतेस?’ न्यू जर्सीतली नणंद म्हणते, ‘इथे राज्याचं लायसन्स असल्याशिवाय अशी एजन्सी चालवताच येत नाही, तू आधी ते काढ.’ शिवाय घराच्या वरच्या मजल्यावर एक खोली रिकामी आहे, तिथे दोन खाटा टाकाव्यात असाही विचार आहे. त्यांचे प्रश्न दोन: लायसन्स कुठून काढू? आणि नोकरी आत्ताच सोडू का?

ताई,

आधी पैशांचं बोलते, कारण ते तातडीचं आहे. त्या एजंटाला उरलेले 50 हजार देऊ नका. दिलेल्या 15 हजारांची पावती मागा आणि ‘कोणत्या कायद्याखाली, कोणत्या कार्यालयाचा परवाना काढून देणार’ एवढं एका ओळीत लेखी द्या म्हणावं. तो देऊ शकणार नाही, कारण ‘होम नर्सिंग’ या नावाचा वेगळा परवाना महाराष्ट्रात नाही. तो जी फाईल आणून देईल तिच्यात बहुतेक गुमास्ता असेल, उद्यम नोंदणी (लघुउद्योगाची) असेल आणि एखादं रंगीत प्रमाणपत्र असेल. उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर फुकट होते. गुमास्ता, म्हणजे 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्याखालची सूचना किंवा नोंदणी, तीही ऑनलाइन होते. माणसं थोडी असतील तर नुसती सूचना पुरते. ही कागदपत्रं तुम्हाला लागतील, नाही असं नाही. पण तुमच्या हाताला शुश्रूषा येते की नाही याच्याशी त्यांचा काही संबंध नाही. गुमास्ता किराणा दुकानालाही असतो.

हा गोंधळ तुमचा एकटीचा नाही. ‘नर्सिंग होम’ आणि ‘होम नर्सिंग’ हे शब्द उलटसुलट केले की झालं, असं अनेकांना वाटतं. नर्सिंग होमचा कायदा आपल्याकडे 1949 पासून आहे. तो लागू होतो तो आजारी माणसांना ठेवून घेऊन उपचार आणि शुश्रूषा करण्याच्या जागेला. तुम्ही लोकांच्या घरी जाऊन काम केलंत तर तुमची अशी जागाच नसते. पण वरच्या मजल्यावर दोन खाटा टाकून एका जरी आजारी माणसाला ठेवून घेतलंत, तर त्याच दिवशी तुम्ही या कायद्याच्या दारात जाऊन उभ्या राहता. मग महापालिकेची नोंदणी आली, अग्निसुरक्षा आली, जैववैद्यकीय कचरा आला, डॉक्टर आले. म्हणून खाटांचा विचार तूर्त बाजूला ठेवा. तो वेगळा धंदा आहे आणि त्यासाठी लागणारं भांडवल आणि माणूसबळ आत्ता तुमच्याकडे नाही.

दवाखाने-रुग्णालयांच्या नोंदणीचा केंद्राचा 2010 चा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा महाराष्ट्राने स्वीकारलेला नाही. ज्येष्ठ नागरिकांच्या 2007 च्या कायद्यात दुरुस्ती करणारं एक विधेयक 2019 मध्ये लोकसभेत आलं होतं, त्यात ज्येष्ठांना घरपोच सेवा देणाऱ्या संस्थांच्या नोंदणीची तरतूद होती. त्याचा कायदा झाला नाही. (गोव्याच्या वाचकांसाठी: तुमच्याकडे 2019 चा स्वतंत्र क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा आहे. बेळगाव-निपाणीकडे कर्नाटकचा 2007 चा खासगी वैद्यकीय आस्थापनांचा कायदा लागू आहे. आपलं काम त्यात बसतं का, हे तिथे सुरुवातीलाच विचारून घ्या.)

आता तुमच्या पत्रातली मला सर्वांत जास्त खटकलेली ओळ. तुम्ही लिहिलंय, ‘माझ्याकडे लायसन्स नाही म्हणून धीर होत नाही.’ अहो, लायसन्स तुमच्याकडे आहेच. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची तुमची नोंदणी हाच तो परवाना. 1966 च्या महाराष्ट्र परिचारिका कायद्याने तो दिलेला आहे. आपल्याकडे घरच्या शुश्रूषेत परवाना दारावरच्या पाटीला मिळत नाही, तो प्रत्येक परिचारिकेच्या नावाने असतो. तुमच्याकडे उद्या तीन सिस्टर असतील तर त्या तिघींची नोंदणी चालू असायला हवी. एकीची संपलेली असेल, तर त्या घरापुरती तुमची सेवा विनापरवाना, मग बाहेर कितीही मोठा बोर्ड असो.

म्हणून पहिलं काम हे: कपाटातली फाईल काढा आणि स्वतःच्या नोंदणीची तारीख बघा. खासगी रुग्णालयात वर्षानुवर्षं काम करणाऱ्या कितीतरी सिस्टर्सचं नूतनीकरण राहून गेलेलं असतं, कारण पगार थांबत नाही तोवर कुणी विचारत नाही. नूतनीकरणाला सीएनईचे, म्हणजे नोकरीत असताना घ्यायच्या पुढच्या शिक्षणाचे तास लागतात, ते किती भरले आहेत तेही मोजा. राष्ट्रीय परिचारिका नोंदवहीतला तुमचा युनिक क्रमांक काढलेला नसेल तर काढून घ्या. पुढे कुणाला कामावर घ्याल तेव्हा मूळ प्रमाणपत्र स्वतःच्या डोळ्यांनी पाहा आणि क्रमांक कौन्सिलकडे पडताळा. झेरॉक्सवर विसंबू नका. केरळातून किंवा मध्य प्रदेशातून आलेली सिस्टर असेल तर तिची इथल्या कौन्सिलमध्ये नोंदणी झाली आहे का, हेही.

तुमच्या नणंदबाईंचं म्हणणं त्यांच्या जागी अगदी खरं आहे. अमेरिकेत घरी जाऊन कुशल शुश्रूषा देणाऱ्या संस्थेला बहुतेक राज्यांत राज्याचा परवाना लागतो, न्यू जर्सीतही लागतो. आणि मेडिकेअरचे, म्हणजे तिथल्या ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्य विम्याचे पैसे हवे असतील तर त्यावर तिथल्या केंद्र सरकारच्या अटी. त्यातल्या दोन अटी मला फार शहाण्या वाटतात. एक, प्रत्येक रुग्णासाठी डॉक्टरने मंजूर केलेली लेखी शुश्रूषा योजना हवी आणि ती किमान दर 60 दिवसांनी पुन्हा तपासली पाहिजे. दोन, ज्या घरात कुशल शुश्रूषा चालू आहे तिथल्या मदतनिसाचं काम नोंदणीकृत परिचारिकेने दर 14 दिवसांनी बघायला हवं. आपल्याकडे हे कुणी मागत नाही. तरी तुम्ही या दोन्ही अटी पहिल्या दिवसापासून स्वतःला लावून घ्या, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे. तपासायला कुणी येणार नाही हे ठाऊक असताना एखादी सिस्टर काय पाळते, यावरून मी तिच्या कामाची परीक्षा करते. वॉर्डात तुम्ही हे वर्षानुवर्षं करत आला आहात.

दीरांच्या सल्ल्याबद्दल मात्र मला जरा सविस्तर लिहायचंय.

माझे सासरे शेवटच्या आजारपणात रुग्णालयातून घरी आले तेव्हा नाकात रायल्स ट्यूब (पोटात अन्न सोडायची नळी) होती, लघवीची पिशवी होती. मी तेव्हा नोकरीत होते, रात्रीपाळ्या चालू होत्या, म्हणून एका ब्युरोला फोन केला. ‘ट्रेन्ड सिस्टर’ म्हणून त्यांनी एक विशीची मुलगी पाठवली. पांढरा शुभ्र युनिफॉर्म, खिशाला कात्री, छातीवर घड्याळ. तिसऱ्या दिवशी मी अवेळी घरी आले. सासरे पाठीवर सपाट निजलेले होते आणि ही नाचणीच्या पेजेची 50 मिलीची सिरिंज नळीला लावून दट्ट्या अंगठ्याने जोर देऊन दाबत होती. पेज दाटसर होती, उतरत नव्हती, म्हणून ती आणखी जोर देत होती. सासऱ्यांच्या घशातून घुरघुर येत होती. मी आधी नळी चिमटीत धरून बंद केली, डोकं उचललं, आणि मग तिच्याकडे पाहिलं. नळी जागेवर आहे का, नाकापाशी केलेली खूण सरकली आहे का, हे तिने एकदाही पाहिलेलं नव्हतं, कारण तसं पाहायचं असतं हे तिला कुणी शिकवलंच नव्हतं. डोक्याकडची बाजू उंच करून बसतं करायचं, दट्ट्या काढून सिरिंज उभी धरायची आणि पेज आपल्या वजनाने हळूहळू उतरू द्यायची, हेही नाही. मी विचारलं, कुठे शिकलीस? म्हणाली, सहा महिन्यांचा कोर्स केलाय, 40 हजार भरले, सर्टिफिकेट आहे. ते सर्टिफिकेट कौन्सिल मान्य करत नाही हे मी सांगितलं तेव्हा ती तिथेच खाटेच्या कडेला बसून रडायला लागली. बापाने म्हैस विकून फी भरली होती.

मला तिचा राग आला नाही, आजही येत नाही. तिला फसवलं गेलं होतं आणि आम्हालाही. राग येतो तो त्या व्यवस्थेचा, जिच्यात फोन उचलणारा माणूस पेशंट काय आहे ते न विचारता ‘बारा तास की चोवीस तास’ एवढंच विचारतो. त्या मुलीला मी पुढचे चार महिने घरीच शिकवलं. कूस बदलणं, तोंड धुणं, पिशवी मूत्राशयाच्या पातळीच्या खाली ठेवणं. ती फार चांगली काळजीवाहक झाली. सिस्टर मात्र ती नव्हती, आणि ‘मी सिस्टर नाही’ असं सांगायला ती लाजेनाशी झाली.

दीर जे सुचवताहेत ते माणसं पुरवणं आहे. तुम्हाला करायची आहे ती शुश्रूषा. दोन्हींची गरज समाजाला आहे, दोन्ही सचोटीने करता येतात, पण एकाच्या नावावर दुसरं विकलं की घात होतो. तुम्ही सेवा सुरू कराल तेव्हा ही रेघ लख्ख आखा. अंघोळ घालणं, भरवणं, कूस बदलणं, चालायला आधार देणं, डायपर बदलणं हे मावशी, मामा, काळजीवाहक करतील. त्यांच्यासाठी जनरल ड्यूटी असिस्टंट किंवा होम हेल्थ एड असे कौशल्य अभ्यासक्रम आहेत, ते केलेली माणसं घ्या. इंजेक्शन, शिरेतून औषध, खोल जखमेचं ड्रेसिंग, कॅथेटर (लघवीची नळी) बदलणं, ट्रॅकिओस्टॉमीची (श्वासासाठी गळ्यात बसवलेली) नळी आणि सक्शन (कफ ओढून काढणं), इन्सुलिनचा डोस शुगर पाहून देणं हे नोंदणीकृत परिचारिकेचं. कुटुंबाला लेखी सांगा की आज तुमच्याकडे येणारी व्यक्ती या दोघांतली कोण आहे. मावशीला सिस्टरचा पांढरा युनिफॉर्म घालू नका. दर वेगळे ठेवा. घरच्यांनी मावशीला ‘जरा इंजेक्शन देऊन टाक’ म्हटलं तर ‘नाही’ म्हणायची ताकद तिला तुमच्याकडून मिळाली पाहिजे.

पुण्यात रमाबाई रानडे यांनी 1909 मध्ये सेवासदन उभं केलं आणि तिथल्या बायकांना ससून रुग्णालयात परिचारिकेचं शिक्षण घेण्यासाठी पाठवायला सुरुवात केली. परक्यांचं मलमूत्र काढणं हे चांगल्या घरच्या बाईचं काम नव्हे, असं तेव्हा तोंडावर म्हटलं जाई. तुमच्या सासूबाई ‘लोकांच्या घरोघर जाणार?’ असं विचारतात, असं तुम्ही पत्राच्या शेवटी एका ओळीत लिहिलंय. शंभरावर वर्षं झाली, प्रश्न तोच आहे. त्यांना एकदा सोबत घेऊन जा आणि ड्रेसिंग करताना शेजारी बसवा. समजावून सांगण्यापेक्षा ते लवकर होईल.

‘आयसीयूत 11 वर्षं काढली, घरचे पेशंट मला काय जड?’ हा तुमचा आत्मविश्वास मला आवडला, पण त्याला थोडा चिमटा काढणार आहे. आयसीयूत तुमच्यामागे किती माणसं उभी असतात ते आठवा. हाक मारली की निवासी डॉक्टर येतो, क्रॅश कार्ट (तातडीच्या औषधांची, उपकरणांची गाडी) आहे, भिंतीतून ऑक्सिजन येतो, जनरेटर आहे. घरी तुम्ही, घाबरलेली सून आणि पंख्याचा आवाज. वीज गेली तर सक्शन मशीन बंद, ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर बंद. त्यामुळे असा पेशंट घेण्याआधी घर बघायला जायचं: इन्व्हर्टर आहे का, तो त्या मशीनचा भार घेतो का, बॅटरीवर किंवा पायाने चालणारं सक्शन आणि भरलेला सिलिंडर जवळ आहे का. ट्रॅकिओस्टॉमी असेल तर त्याच मापाची एक आणि एक माप लहान अशा दोन जादा नळ्या उशाशी. जिन्याचा कोपरा स्ट्रेचर वळेल एवढा आहे का. हे सगळं बघून एखाद्या कुटुंबाला ‘तुमचा पेशंट अजून घरी आणण्याच्या स्थितीत नाही’ असं सांगावं लागेल. सांगा. पैसे बुडतील, बुडू द्या.

डॉक्टरांच्या लेखी सूचनेशिवाय कुठलंही औषध द्यायचं नाही, हे तुम्हाला मी काय सांगायचं? पण घरी हा नियम मोडायचा मोह वॉर्डापेक्षा दसपट असतो, आणि तो प्रेमाने येतो. ‘सिस्टर, बाबांना फार थकवा आलाय, एक ताकदीचं सलाईन लावून टाका ना.’ चहा पुढे ठेवून, हात जोडून सांगतात. हृदय किंवा मूत्रपिंड कमजोर असलेल्या म्हाताऱ्या माणसाला अशी एक बाटली छातीत पाणी व्हायला पुरते. फोनवर डॉक्टरांशी बोलून घ्या. 2020 च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांत परिचारिकेने रुग्णाच्या बाजूने डॉक्टरांशी बोलणं धरलेलं आहे, पण प्रिस्क्रिप्शन लेखी आलं पाहिजे, निदान मेसेजवर, तारीख-वेळ आणि डॉक्टरांच्या नोंदणी क्रमांकासह. शिरेतून द्यायच्या नव्या अँटिबायोटिकचा पहिला डोस घरी देऊ नका. तो रुग्णालयात होऊ द्या, दुसऱ्यापासून तुम्ही. अंगावर पित्त उठून श्वास कोंडला तर घरात तुम्ही किती मिनिटं टिकाव धराल, याचा हिशेब तुम्हीच आयसीयूत पाहिलेला आहे.

सुयांचंही बघा. वापरलेली सुई त्या घरच्या ओल्या कचऱ्यात गेली की दुसऱ्या दिवशी घंटागाडीवरच्या कुणाच्या तरी हातात घुसते. पांढरा, न भोसकणारा डबा तुमच्या पिशवीत असला पाहिजे आणि तो तुम्ही परत घेऊन आलं पाहिजे. 2016 च्या जैववैद्यकीय कचरा नियमांखाली तुमच्या कामाला प्राधिकारपत्र लागेल का, हे प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयात लेखी विचारा. ज्या रुग्णालयाशी जोडून काम कराल त्यांच्याशीच डबा जमा करण्याचा लेखी करार झाला तर उत्तम.

खाटेपाशी एक कागद राहू द्या. छापील, महागडा फॉर्म नको. वेळ, बीपी, नाडी, ताप, ऑक्सिजन, शुगर, किती पोटात गेलं, किती लघवी झाली, कोणतं औषध कुणी दिलं, सही. फ्रिजवर चुंबकाने लावला तरी चालेल. पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येते हे सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्येच स्पष्ट केलं आहे, त्यामुळे उद्या तक्रार झाली तर तुमच्या बाजूने बोलणारा तो एकच कागद असेल. पण मी तो मागतेय ते कोर्टासाठी कमी आणि पाळी बदलताना येणाऱ्या दुसऱ्या सिस्टरसाठी जास्त. जखमेचे फोटो कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जाऊ देऊ नका. आजी शुद्धीत असोत-नसोत, त्यांची अब्रू तुमच्या हातात आहे.

आणखी एक गोष्ट, जिच्याबद्दल कुणी आधी बोलत नाही. तुमचे काही पेशंट घरीच जातील. रात्री तीन वाजता. मृत्यू झाला हे प्रमाणित करणं परिचारिकेचं काम नाही, आणि घरी झालेल्या मृत्यूला डॉक्टरांचं 4-ए नमुन्यातलं प्रमाणपत्र लागतं. त्या वेळी ओळखीचा डॉक्टर फोन उचलेनासा झाला की कुटुंबाची जी फरफट होते ती मी पाहिली आहे. म्हणून पहिल्याच भेटीत विचारून ठेवा: गरज पडली तर कोणते डॉक्टर येतील, तब्येत बिघडली तर 108 बोलवायची की घरीच ठेवायचं, हे कुटुंबाने आणि डॉक्टरांनी मिळून ठरवलंय का. विचारताना जीभ जड होते. तरी विचारा, आणि त्यांनी दिलेलं उत्तर लिहून ठेवा.

तुमच्याकडे काम करणाऱ्या बायकांचं. परक्या घरात, रात्री, एकट्या. 2013 च्या लैंगिक छळविरोधी कायद्यात राहतं घरसुद्धा कामाची जागा धरलेलं आहे. दहापेक्षा कमी माणसं असतील तर तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते, दहा झाली की तुमची स्वतःची अंतर्गत समिती लागते. कायद्याच्या आधीची व्यवस्था मात्र तुमच्या हातात आहे: कुठल्याही घरात पहिल्यांदा तुम्ही स्वतः जायचं, खोलीला आतून कडी असलेली झोपायची जागा आणि स्वच्छ संडास आहे की नाही ते बघायचं, जेवणाचं बोलून घ्यायचं आणि ‘मला इथे नको वाटतं’ असा एका सिस्टरचा फोन आला की कारण न विचारता तिला काढून घ्यायचं. कमिशनवर मुली पाठवणाऱ्याला हे परवडत नाही. म्हणूनही तो रस्ता मला तुमच्यासाठी नको वाटतो.

पैशांचं आटोपतं घेते, कारण ते तुमच्या सीएला विचारायचं आहे. आरोग्यसेवेला जीएसटी माफ आहे. पण बिल ‘माणूस पुरवला’ अशा स्वरूपाचं गेलं तर ते वेगळं धरलं जाऊ शकतं, हे लक्षात ठेवून बिलावर काय लिहायचं ते ठरवा. सेवांसाठी नोंदणीची मर्यादा साधारण वर्षाला 20 लाखांची आहे. दहा माणसांवर ईएसआय (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा), वीस माणसांवर पीएफ. स्वतःचा व्यावसायिक जबाबदारीचा विमा पहिल्या पेशंटच्या आधी काढा. आणि कुटुंबाला खोटी आशा लावू नका: घरच्या शुश्रूषेचा खर्च मेडिक्लेममधून मिळेलच असं नाही, पॉलिसीतलं ‘डोमिसिलिअरी’ (घरी घेतलेल्या उपचारांचं) कलम त्यांनी आधी वाचावं.

आता नोकरी. सोडू नका, निदान सहा महिने. नेमणुकीच्या पत्रात बाहेर काम न करण्याची अट आहे का ते आधी बघा. असेल तर लपूनछपून काही करू नका, मेट्रनशी सरळ बोला. रुग्णालयालाही अशी माणसं हवी असतात: डिस्चार्ज झालेला पेशंट घरी नीट सांभाळला गेला तर तो चार दिवसांत पुन्हा ॲडमिट होत नाही. अर्धवेळ मिळाली तर घ्या. नाहीच जमलं तर निर्णय आहेच, पण तो शिल्लक टाकून घ्या, घरात सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवून. सुरुवात भेटींपासून करा, बारा तासांच्या ड्यूट्यांपासून नको: ड्रेसिंग, कॅथेटर, इंजेक्शन, ट्यूब. दुचाकीवर वीस मिनिटांत पोचता येईल एवढाच परिसर. पाच-सहा घरं झाली की दुसरी नोंदणीकृत सिस्टर शोधा, आणि शक्य तर तुमच्याहून वेगळी कसब असलेली. लहान मुलांच्या वॉर्डातली, किंवा कॅन्सरच्या रुग्णांची वेदनाशामक शुश्रूषा केलेली. मग तिसरी. त्या तिघी बसल्याशिवाय मावश्या घेऊ नका, कारण त्यांच्यावर देखरेख कोण करणार?

जे वाचक मुलगा-सून म्हणून हे वाचताहेत, आणि जे परदेशातून आईवडिलांसाठी नाशिक-पुण्यात कुणी शोधताहेत, त्यांनी ब्युरोला फोन करताना दर विचारण्याआधी विचारावं: येणाऱ्या सिस्टरचा नोंदणी क्रमांक काय, तिच्यावर देखरेख कोणाची, आणि अमुक काम ती करणार नाही अशी यादी तुमच्याकडे आहे का. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ज्यांच्याकडे तयार असेल, त्यांच्याशी पुढे बोला.

शेवटी तुमच्या सोसायटीतल्या त्या आजी. त्यांच्या जखमेचं ड्रेसिंग तुम्ही रोज करताय, फुकट करताय, पण पत्रात डॉक्टरांचा कुठेच उल्लेख नाही. शेवटचं कधी दाखवलं? जखमेची खोली कधी मोजली होती? शुगर? दिवसभर कूस कोण बदलतं? त्यांच्या मुलाकडून उद्याच डिस्चार्ज कार्डाची झेरॉक्स मागून घ्या, डॉक्टरांना जखम दाखवून ड्रेसिंगचं साहित्य आणि पद्धत लेखी घ्या, आणि दर दोन तासांनी डावी कूस, उजवी कूस (पाठीवर नको, जखम तिथेच आहे) असा तक्ता डॉक्टरांना विचारून आखून सुनेला टिक करायला सांगा. डॉक्टर चालेल म्हणाले तर वॉटर बेड किंवा एअर मॅट्रेस भाड्याने मिळते. आणि थोडे का होईना, पैसे घ्या. मुलगा देईल, त्याला बरंच वाटेल. त्या पहिल्या पावतीवर तुमच्या नावाखाली नोंदणी क्रमांक लिहा.